धाकटा, थोरला आणि आपली पुळण

(स्नेहमेळाव्यात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला तेव्हा त्यांनी सांगितलं की प्रत्येकानं आपापल्या क्षेत्राबद्दल पंधरा-वीस मिनिटं बोलायचं आहे. आपल्यातले डॉक्टर गुडघ्यांवर बोलले. बँकेतली मैत्रीण निवृत्तीनंतरच्या पैशांवर बोलली. मी कॉम्प्युटरवाली, तेव्हा कृत्रिम बुद्धिमत्ता आपल्या मुलांच्या नोकऱ्या खाणार का, यावर मी बोलावं अशी अपेक्षा होती. त्यावर बोलणारे आता गल्लोगल्ली सापडतात. म्हणून मी विषय बदलून मागितला, आणि संयोजकांनी थोडं हसून का होईना, पण तो दिला.

मला दोन पक्ष्यांबद्दल बोलायचं आहे. दोघंही दर हिवाळ्यात आपल्या किनाऱ्यावर येतात. आपण शाळेत असताना समुद्रावर खेळायला जायचो, तेव्हाही ते तिथेच होते. आपली त्यांची ओळख तेवढी झाली नाही, कारण लांबून पाहिलं तर ते वाळूच्या रंगाचे ठिपके दिसतात, आणि जवळ गेलं तर उडून जातात.

माझी नोकरी पुण्यात. महिन्या-दीड महिन्यानं अलिबागला आईकडे येते, तेव्हा आक्षी-नागावच्या पुळणीवर एक सकाळ काढते. हे गेली दहा-बारा वर्षं चालू आहे. पक्षिशास्त्र मी शिकलेली नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअरमध्ये गेले, तिथेच आहे. पण दोन जवळजवळ सारख्या दिसणाऱ्या गोष्टींतला फरक ओळखणं आणि त्याची नीट नोंद ठेवणं, हे माझ्या पोटापाण्याचं काम आहे. त्यामुळे या दोन पक्ष्यांनी मला धरून ठेवलं.

मराठीत या कुळातल्या पक्ष्यांना चिखल्या म्हणतात. नाव अगदी नेमकं आहे. ओहोटी लागली, ओला चिखल आणि ओली वाळू उघडी पडली, की हे तिथे हजर. इथल्या दोन वाळू-चिखल्यांपैकी एक लहान आणि एक मोठा. बोलायच्या सोयीसाठी मी त्यांना धाकटा आणि थोरला म्हणणार आहे. ही नावं लक्षात ठेवा, कारण पुढे त्यांची एक गंमत आहे.

आधी चिखल्या ओळखायचा कसा ते सांगते. ओहोटीच्या वेळी पुळणीवर पुष्कळ प्रकारचे पक्षी चरत असतात. त्यातले लांब चोचीचे पक्षी चिखलात चोच खुपसून खालचं चाचपडतात. न बघता, स्पर्शानं शिकार करतात. आपल्या आया पिशवीत हात घालून न बघता किल्ली शोधायच्या, तसं. चिखल्याची चोच आखूड आणि डोळे मोठे. तो नजरेनं शिकार करतो. चार-सहा पावलं तुरुतुरु धावतो, एकदम थांबतो, बघतो, टिपतो, पुन्हा धावतो. धाव, थांब, टिप. ही चाल एकदा लक्षात आली की शंभर पावलांवरूनही चिखल्या कळतो. त्याचं खाणं म्हणजे चिखलातले किडे, लहान चिंबोऱ्या, बारीक शिंपले.

आता धाकटा आणि थोरला वेगळे कसे ओळखायचे? पुस्तकात लिहिलेलं असतं की धाकटा १८ ते २१ सेंटिमीटर आणि थोरला २२ ते २५ सेंटिमीटर. म्हणजे एक बुलबुलाएवढा आणि दुसरा साळुंकीएवढा. वाचताना सोपं वाटतं. प्रत्यक्षात ओसाड पुळणीवर पक्षी एकटा उभा असला, शेजारी मोजायला काही नसलं, की तीन-चार सेंटिमीटरचा फरक कुणालाही सांगता येत नाही. वजनावर जावं तर खाऊन गुबगुबीत झालेला धाकटा आणि लांबच्या प्रवासाहून आलेला हडकुळा थोरला तराजूत सारखेच भरू शकतात. आणि आत्ता डिसेंबरात दोघांचे कपडेही सारखेच. वरून मातकट, खालून पांढरे, छातीच्या दोन्ही बाजूंना करडा डाग.

म्हणून आकारापेक्षा प्रमाण बघायचं. थोरल्याची चोच लांब आणि जाड, टोकाकडे निमुळती. तिची लांबी मनानं उचलून चेहऱ्यावर ठेवायची. चोचीच्या मुळापासून मागे मोजत गेलं तर ती डोळ्याच्या पलीकडे पोचते. धाकट्याची चोच आखूड, टोकाशी बोथट, आणि तशी मोजली तर डोळ्याच्या आसपासच संपते. थोरल्याचे पाय लांब आणि फिकट, हिरवट-पिवळसर छटेचे. धाकट्याचे पाय गडद, काळपट. थोरला उडाला की पायाची बोटं शेपटीच्या बाहेर आलेली दिसतात. धाकट्याची दिसलीच तर अगदी नावापुरती. यातली एकच खूण पाहून निकाल द्यायचा नसतो. पायाला चिखल लागला की फिकट पायही काळे दिसतात. चोच, पाय, डोक्याची ठेवण, चाल, हे सगळं मिळून एक नाव ठरतं.

आणि कधी कधी ते ठरतच नाही. ऊन डोळ्यांवर असतं, पक्षी पाठमोरा असतो. अशा वेळी काय लिहायचं? पक्ष्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या जगभरच्या माणसांनी यासाठी एक फार समंजस सोय केली आहे. नोंदीच्या यादीत धाकटा आहे, थोरला आहे, आणि तिसरा पर्यायही आहे: दोघांपैकी एक. आमच्या क्षेत्रात नव्या मुलांना मी हेच सांगते. फॉर्ममध्ये 'माहीत नाही' असं लिहायला जागा ठेवली नाही, तर माणसं अंदाजानं काहीतरी भरतात. मग पुढे खरी माहिती कुठली आणि अंदाज कुठला, हे कुणालाच निवडता येत नाही. रिकामी जागा भरून काढता येते. चुकीनं भरलेली जागा चुकीची आहे हेच कळत नाही.

हे दोघं इथे हिवाळ्यापुरते सोबतीनं राहतात. ऑगस्टपासून येऊ लागतात, आणि एप्रिल-मेपर्यंत बहुतेक निघून जातात. पहिल्याच वर्षाचे काही पक्षी पावसाळाही इथेच काढतात. पण घरं दोघांची अगदी वेगळी. आपण यांना समुद्रपक्षी म्हणतो, पण घरटं करायला दोघंही समुद्रापासून शक्य तितके लांब जातात.

थोरला जातो मध्य आशियात. कझाकस्तान, तुर्कमेनिस्तान, मंगोलिया इथल्या उघड्या, कोरड्या, अर्धवाळवंटी मैदानांवर. त्याचे काही भाऊबंद पश्चिमेला तुर्कस्तानापर्यंत घरटी करतात. आपला धाकटा जातो तिबेटच्या पठारावर, पामीरच्या डोंगरांत, आणि आपल्याच देशातल्या लडाखमध्ये. लडाखमधलं त्सो कार हे सरोवर सुमारे ४,५०० मीटर उंचीवर आहे. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे एकावर एक अडीच कळसूबाई ठेवल्या तरी त्याच्या खालीच राहतील. अलिबागपासून ते सरोवर सरळ रेषेत १,७०० किलोमीटरच्या आसपास येतं. भूगोलाच्या बाईंनी नकाशात हिमालय आणि सह्याद्री दोन वेगवेगळ्या तासांना शिकवले होते. या पक्ष्यांचं वर्ष या दोन्ही तासांत मिळून पुरं होतं.

निघायच्या आधी ते कपडे बदलतात. मार्च-एप्रिलमध्ये पुळणीवर गेलात तर तेच मातकट पक्षी छातीवर विटकरी रंग आणि डोळ्यांवरून काळी पट्टी घेऊन उभे दिसतील. धाकट्याचा विटकरी पट्टा रुंद, थोरल्याचा अरुंद. लग्नाला निघालेल्या माणसाचा वेश कार्यालयात पोचण्याआधी घरीच तयार होतो, तसं आपल्या वाळूवर त्यांचं सजणं सुरू होतं.

आता नावांची गोष्ट. ती अडीचशे वर्षं जुनी आहे आणि तिचा शेवट अलीकडेच बदलला.

१७७६ मध्ये पीटर सायमन पॅलस या निसर्ग-अभ्यासकानं सैबेरियाच्या प्रवासात, मंगोलियाच्या सीमेकडे पाहिलेल्या एका चिखल्याचं वर्णन छापलं आणि नावात मंगोलिया घातला. १८२६ मध्ये रेने लेसन या फ्रेंच माणसानं थोरल्याचं वर्णन केलं. तो नमुना आपल्या पुदुच्चेरीचा होता, आणि नाव दिलं लेशेनॉ या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाचं. १८२९ मध्ये योहान वाग्लर यानं बंगालमधल्या एका चिखल्याला नाव दिलं. त्या लॅटिन नावाचा अर्थ 'काळ्या कपाळाचा'. हा आपला, तिबेटकडून येणारा धाकटा.

म्हणजे नावं तीन होती. पण पुढच्या अभ्यासकांनी पॅलसचा सैबेरियातला पक्षी आणि वाग्लरचा काळ्या कपाळाचा पक्षी एकत्र केले. दोघं लहान, दोघांची चोच आखूड, पाय गडद, हिवाळ्यातलं रूप सारखं. उन्हाळ्यात सैबेरियन नराचं कपाळ पांढरं असतं आणि गळ्याच्या पांढऱ्या भागाखाली बारीक काळी रेघ असते, आपल्याकडच्याचं कपाळ काळं आणि ती रेघ नाही. पण हा फरक एकाच जातीतल्या प्रादेशिक फरकाएवढा मानला गेला. अशा रीतीनं कित्येक दशकं पुस्तकांत दोनच जाती होत्या: लहान वाळू-चिखल्या आणि मोठा वाळू-चिखल्या.

यातही शंका घेणारे होते. सैबेरियन पक्षी पूर्व सैबेरियात, कामचाटकाच्या भागात घरटी करतो आणि हिवाळ्यात आग्नेय आशियाकडून ऑस्ट्रेलियापर्यंत जातो. तिबेटी पक्षी भारताच्या किनाऱ्यांवर, अरबस्तानात, आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर हिवाळा काढतो. घर वेगळं, रस्ता वेगळा, सासर वेगळं. पण शंकेनं नाव बदलत नाही, पुरावा लागतो.

तो २०२२ मध्ये आला. 'ऑर्निथॉलॉजी' या नियतकालिकात या सगळ्या वाळू-चिखल्यांच्या जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निष्कर्ष असा की आपला तिबेटी धाकटा त्या सैबेरियन धाकट्याचा सख्खा भाऊ नाहीच. त्याचं अधिक जवळचं नातं थोरल्याशी आहे. ज्याच्यासारखा तो दिसतो तो त्याचा चुलत, आणि ज्याच्यापेक्षा वेगळा दिसतो तो सख्खा. त्यानंतर वर्ष-दोन वर्षांत जागतिक याद्यांनी जुनी 'लहान' जात मोडली आणि तिच्या दोन केल्या, सैबेरियन आणि तिबेटी.

सुरुवातीला मी दिलेल्या नावांची गंमत ही. आपल्या पुळणीवर शेजारी शेजारी चरणारे धाकटा आणि थोरला, यांना ही नावं मी नुसती सोयीसाठी दिली होती. ते खरोखरच भाऊ निघाले.

आपल्याला हे नवीन वाटायचं कारण नाही. आपल्या वर्गात दोन मुलं होती. एकाच उंचीची, एकाच चष्म्याची, एकाच बाकावर बसणारी. नवीन आलेले सर दोन महिने त्यांना जुळे भाऊ समजत होते. त्यांचं एकमेकांशी काहीच नातं नव्हतं. आणि त्यातल्या एकाचा खरा चुलतभाऊ शेवटच्या बाकावर होता. सहा फूट, गोरापान, कबड्डीच्या संघाचा कप्तान. ते तिघंही आज इथे आहेत, त्यामुळे मी नावं घेत नाही. दिसण्यावरून नातं ठरवायची सवय माणसाला फार जुनी आहे. चोच आखूड असणं किंवा पाय गडद असणं हा राहणीचा भाग असू शकतो. नातं आत असतं.

कुणी म्हणेल, ठीक आहे, शास्त्रज्ञांनी एका जातीच्या दोन केल्या. पक्ष्याला काय फरक पडला? तो तर तसाच धावतोय, थांबतोय, टिपतोय.

फरक पडतो तो मोजण्यात.

सैबेरियन पक्षी ऑस्ट्रेलियाला जाता-येता चीन आणि कोरियाच्या मधल्या पीत समुद्राच्या किनाऱ्यावर विसावतो. तिथले विशाल चिखलपट्टे हे त्याचं वाटेतलं जेवणघर. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार पाच दशकांत त्या भागातले ६५ टक्क्यांपर्यंत चिखलपट्टे गेले. भराव घातले, बंदरं झाली, कारखाने झाले. दक्षिण कोरियात साएमांगुम इथे तर ३३ किलोमीटर लांबीची भिंत बांधून २००६ मध्ये एक अख्खी खाडी समुद्रापासून तोडली. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पक्ष्याला खाली चिखलाच्या जागी सिमेंट दिसलं, तर त्याच्याकडे दुसरी योजना नसते. याचा हिशेब ऑस्ट्रेलियात दिसला. २०१६ मध्ये तिथल्या सरकारनं 'लहान वाळू-चिखल्या' संकटग्रस्त ठरवला.

त्याच वर्षी जागतिक यादीत तोच 'लहान वाळू-चिखल्या' चिंता नसलेल्या गटात होता. दोन्ही गोष्टी आपापल्या जागी बरोबर होत्या. ऑस्ट्रेलियात मोजला जात होता तो सैबेरियन, आणि तो कमी होत होता. जगाच्या आकड्यात त्याच नावाखाली आपल्याकडचे तिबेटी धाकटेही मिळवलेले होते, आणि त्यांची संख्या मोठी. एकाची उतरण दुसऱ्याच्या बेरजेत झाकली गेली. वेगळं नाव नाही म्हणून वेगळा आकडा नाही, आणि वेगळा आकडा नाही म्हणून कोण जातंय ते दिसत नाही.

हे मला या मेळाव्याच्या तयारीत घरबसल्या पुन्हा दिसलं. आपल्या तुकडीची यादी करताना सगळ्यांनी नावं पाठवली, ती एका तक्त्यात आली. दोनदा आलेली नावं काढून टाकण्याची सोय त्या प्रोग्रॅममध्ये असते, ती वापरली. यादी स्वच्छ झाली. कुणालाही काही कमी वाटलं नाही. पण आपल्या वर्गात एकाच नावाच्या, एकाच आडनावाच्या दोघी होत्या. एक लांब वेणीची, एक चित्रं काढणारी. तक्त्याच्या लेखी त्या एकच. लांब वेणीची आधीपासून ग्रुपवर होती, त्यामुळे त्या नावापुढे 'संपर्क झाला' अशी खूण पडली, आणि दुसरीला शोधायचं कारणच उरलं नाही. ती हरवली नव्हती. ती मोजलीच गेली नव्हती. आपल्या मराठीच्या बाईंना यादी वाचून दाखवली, तेव्हा त्यांनी विचारलं, "आणि माझी हस्तलिखिताची चित्रं काढणारी कुठे आहे?" बाईंचं वय ऐंशीच्या पुढे. यादीतली उणीव त्यांना कळली, कारण त्यांच्या डोक्यात त्या पहिल्यापासून दोन होत्या. आज ती तिसऱ्या रांगेत बसली आहे, आणि बाहेर दारावर जी रांगोळी आहे ती तिचीच.

तर मी ज्यासाठी विषय बदलून मागितला ते हे. आपल्या किनाऱ्यावर दरवर्षी कोण येतं, किती येतं, याचा आकडा ठेवायला हवा, आणि तो वेगवेगळा ठेवायला हवा.

आपली पुळण आपण शाळेत होतो तशी राहिलेली नाही. सुट्टीच्या दिवशी ओहोटीच्या ओल्या वाळूवर गाड्या धावतात. वाळूवरच्या चारचाकी खेळण्यांच्या फेऱ्या चालतात. मोकळी कुत्री थव्यावर धावून जातात. यात कुणाचं पोट आहे, हे मला माहीत आहे. आपल्या वर्गातले काही जण त्याच पर्यटनावर घर चालवतात, आणि ते चाललं पाहिजे. पण चिखल्याचा हिशेब समजून घ्या. त्याला खायला मिळतं ते ओहोटीच्या काही तासांत. भरती आली की ताट उचललं. त्या तासांत तो चार वेळा उडवला गेला तर खाणं कमी आणि खर्च जास्त. लांबचा पल्ला गाठणारे काही किनारपक्षी निघण्यापूर्वी वजन जवळजवळ दुप्पट करतात. ती चरबी म्हणजेच त्यांचं इंधन, आणि ती अशाच पुळणींवर साठते.

आणखी एक गोष्ट, जी अलिबागकरांनी अभिमानानं सांगावी अशी आहे. पुष्कळ किनारपक्ष्यांत आईबाप आधी निघतात आणि त्या वर्षीची पिल्लं मागून, त्यांच्याशिवाय येतात. रस्ता कुणी दाखवलेला नसतो. सूर्य, तारे आणि पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र यांच्या आधारानं स्थलांतर करणारे पक्षी दिशा ठरवतात. तेच चुंबकीय क्षेत्र आपल्या गावात शंभराहून अधिक वर्षं मोजलं जात आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि कुलाब्याच्या वेधशाळेतल्या नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये इथे चुंबकीय वेधशाळा उभारली. दिवसामागून दिवस तीच नोंद, पिढ्यानपिढ्या. आज जगभरचे अभ्यासक त्या नोंदी वापरतात, कारण त्या खंड न पडता ठेवल्या गेल्या. एकेका दिवसाची नोंद बघितली तर किरकोळच. तिचं मोल सलगपणात आहे. आपल्या गावाला हे काम नवीन नाही.

आता शेवटची विनंती. शाळेला भेट काय द्यायची यावर आपल्या ग्रुपवर तीन आठवडे चर्चा चालू आहे. पाण्याचा कूलर, प्रोजेक्टर आणि प्रवेशद्वाराची कमान, असे तीन पक्ष पडले आहेत. कूलर जरूर द्या, मुलांना थंड पाणी मिळालं पाहिजे. कमानीतल्या पैशांतून मात्र मी थोडा वाटा मागते आहे. चार दुर्बिणी, तिवईवर लावायची एक मोठी दुर्बीण, आणि एक जाड बांधणीचं रजिस्टर.

आठवी-नववीच्या मुलांनी महिन्यातून एकदा, ऑक्टोबर ते एप्रिल, पुळणीचा ठरलेला एक किलोमीटर चालायचा आणि मोजायचं. रजिस्टरात रकाने: तारीख, तिथी, वेळ, थोरला, धाकटा, दोघांपैकी एक. तिथी का, हे आपल्या कोळी मित्रांना सांगायला नको. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. अष्टमीला सहा, द्वादशीला नऊ. द्वादशी-त्रयोदशीला सकाळी सात वाजता गेलं तर भरती चढत असते, पाणी पक्ष्यांना हळूहळू किनाऱ्याकडे ढकलत आणतं, आणि आपण न हलता ते जवळ येतात. आशियाभर १९८७ पासून दर जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना होते. आपली जानेवारीची नोंद तिलाही देता येईल. मुलांना प्रशिक्षण द्यायला पहिली दोन वर्षं मी दर महिन्याला येईन. नोंदी कॉम्प्युटरवर चढवायचं काम कायमचं माझ्याकडे. पण मूळ नोंद कागदावर, शाईनं, शाळेच्या कपाटात. माझा अनुभव सांगतो, प्रोग्रॅम दहा वर्षांत जुना होतो. शाळेचं हजेरीपुस्तक पन्नास वर्षांनीही वाचता येतं.

मुलांना काय मिळेल? सारख्या दिसणाऱ्या दोन गोष्टींकडे दोनदा बघायची सवय लागेल. खात्री नसेल तेव्हा 'दोघांपैकी एक' लिहायचा धीर येईल. सरांच्या विज्ञानाच्या तासाला आपण निरीक्षण, नोंद, अनुमान असा क्रम पाठ केला होता. तो इथे पायांनी करता येईल. आणि वीस वर्षांनी, आपण पुन्हा असेच जमलो, तेव्हा कुणी विचारलं की थोरले पूर्वी किती यायचे, तर उत्तर कुणाच्या आठवणीत शोधावं लागणार नाही. कपाट उघडून सांगता येईल.

उद्या रविवार आहे, आणि कॅलेंडर पाहून ठेवलंय, त्रयोदशी आहे. भरती पावणेदहाच्या सुमारास. मी साडेसातला आक्षीच्या सुरूच्या बनाजवळ असेन. माझ्याकडे दोन दुर्बिणी आहेत. चपला चिखलात जातील अशा घालून या, कुत्रा घरी ठेवून या, आणि ज्या मित्रांची वाळूवर गाड्यांची फेरी आहे त्यांनी तर नक्कीच या. थवे कुठे बसतात हे एकदा तुम्ही पाहिलंत, तर तेवढा पट्टा सोडून गाड्या कुठून न्यायच्या ते तुम्हीच मला सांगाल.